तालमीतला फुटबॉल

पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, संध्यामठ, वाघाची तालीम. परगावच्या माणसाला ही नावं भजनी मंडळांची वाटतील, फार तर कुस्तीच्या आखाड्यांची. कोल्हापुरात मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की हे फुटबॉलचे संघ आहेत, आणि यातला आपला कुठला हे त्याला शाळेत नाव घालण्याआधी ठरलेलं असतं.

नावांतच या खेळाचा निम्मा इतिहास आहे. ‘पाटाकडील’ म्हणजे पाण्याच्या पाटाच्या कडेची वस्ती. ‘उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम’ या लांबलचक नावात देऊळ, भजन आणि आखाडा तिन्ही एका दमात येतात. ‘दिलबहार’ ऐकलं की एखादी जुनी नाटक कंपनी आठवावी. ‘शिवाजी तरुण मंडळ’ शिवाजी पेठेचं, ‘जुना बुधवार’ त्या पेठेचं, ‘फुलेवाडी’ शहराच्या पश्चिमेच्या उपनगराचं. मधेच ‘प्रॅक्टिस क्लब’ असं चक्क इंग्रजी नाव येतं, पण ते आता इतकं रुळलंय की कुणाला परकं वाटत नाही. जगभरच्या क्लबांच्या नावांत शहर असतं, कारखाना असतो, कधी रेल्वे असते. इथं गल्ली आहे आणि गल्लीतलं दैवत आहे.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा. तांबड्या मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीला टेकवलेली करेलं आणि मुद्गल, दाराशी बसायला कट्टा. पण कोल्हापुरात तालीम तेवढ्यावर कधीच थांबली नाही. पेठेचा गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, मर्दानी खेळ तालमीचे, भांडण मिटवायची बैठकही तालमीतच. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा माणसं बाहेर काढायला आणि जेवणाची पाकिटं पोचवायला तालमी आणि मंडळांची पोरं सरकारी यंत्रणेच्या बरोबरीनं राबली. अशा घरात फुटबॉल शिरला, आणि म्हणूनच तो इतका मुरला.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीची पंढरी केलं हे सर्वांना माहीत आहे. १९०२ साली एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधलं प्राचीन रंगमंडल पाहिलं आणि परतल्यावर खासबागेचं मैदान बांधायला घेतलं. ते १९१२ साली पुरं झालं. मधे हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. कुठल्याही कोपऱ्यातून कुस्ती दिसावी अशी ही रचना. हजारो माणसांनी एकत्र बसून दोन गड्यांची झुंज पाहायची आणि त्यातला एक आपला मानायचा, ही सवय या शहराला खासबागेनं लावली. फुटबॉलला लागणारा प्रेक्षक कुस्तीनं आधीच घडवून ठेवला होता.

त्या काळात देशात फुटबॉलचं वारं वाहतच होतं. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ ची, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, दोन्ही गोऱ्या पलटणींच्या हौसेतून निघालेले. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याच्या मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. बागानचे एक सोडून सारे खेळाडू अनवाणी होते. रोव्हर्स कप भारतीय संघाच्या हाती यायला मात्र १९३७ साल उजाडावं लागलं. तो जिंकणारा बंगलोर मुस्लिम्स हा संघ म्हैसूर संस्थानाच्या भूमीतला. कोल्हापूरही संस्थानच होतं. १ मार्च १९४९ ला ते मुंबई राज्यात विलीन झालं, दरबार गेला, पण खेळांवरचं छत्रपती घराण्याचं छत्र राहिलं. स्थानिक फुटबॉल चालवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘केएसए’, आजही त्याच घराण्याच्या आधारानं चालते. घराण्यातले मालोजीराजे छत्रपती २०२२ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर गेले.

म्हैसूरचा उल्लेख निघालाच आहे, तर तिथल्या मोहल्ल्यांकडे पाहायला हवं. मंडी मोहल्ला, लष्कर मोहल्ला, नजरबाद ही तिथल्या पेठांचीच नावं म्हणायची. जुन्या म्हैसुरातही कुस्तीच्या तालमी आहेत, त्यांना ‘गरडी मने’ म्हणतात. दसऱ्याला राजवाड्यात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टीची झुंज होते आणि दसऱ्याच्या कुस्त्यांना गर्दी लोटते. राजाश्रय, दसरा, लाल माती, मोहल्ल्याचा अभिमान अशी सगळी सामग्री दोन्ही शहरांत सारखी. कोल्हापुरात मात्र पेठेनं आपला अभिमान कुस्तीसोबत एका चेंडूवरही लावला. अमुक एका कारणानं हे घडलं असं ठामपणे सांगता येणार नाही. एक गोष्ट मात्र दिसते. कुस्तीत तालमीचा मान एका मल्लाच्या खांद्यावर असतो. फुटबॉलला अकरा गडी लागतात, वर राखीव लागतात, म्हणजे पेठेतल्या पाचपंचवीस घरांना आपला पोरगा संघात असल्याचं सुख मिळतं.

हंगाम साधारण थंडी पडू लागली की सुरू होतो आणि वळवाचे ढग जमेपर्यंत चालतो. आधी खेळाडूंची नोंदणी. कोण कुठून फुटला, कुणाला कुणी ओढलं, याची चर्चा या दिवसांत चहाच्या गाड्यावर राजकारणापेक्षा जोरात असते. मग केएसएची लीग, तिच्यात वरिष्ठ गटाचे सोळा संघ. लीग संपली की बाद फेरीच्या स्पर्धा एकापाठोपाठ एक लागतात. हे चषक कुणाच्या स्मृतीसाठी असतात, कुणा पुढाऱ्याच्या नावाचे असतात, काही खुद्द तालमींनी भरवलेले असतात. जवळजवळ सगळं एकाच मैदानावर, राजर्षी छत्रपती शाहू स्टेडियमवर. एकाच मैदानावर सगळे खेळत असल्यानं इथं ‘घरचं मैदान’ असा प्रकार नाही. गॅलरीतली जागा तेवढी घरची. कुठल्या तालमीचे लोक कुठं बसतात हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं आणि नवख्यानं चुकून भलत्या बाजूला बसू नये.

सामना दुपारी चारच्या सुमाराचा असला, तरी पेठेत तो सकाळपासून सुरू असतो. दुकानाची शटरं लवकर खाली येतात, गाड्यांवर झेंडे चढतात, हलगी कडाडायला लागते. पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी जोडी लागली की गॅलरी भरते, आणि शहरातल्या दैनिकांत दुसऱ्या दिवशी पासागणिक वर्णन छापून येतं. कुणी चेंडू दिला, कुणी हेडर मारला, कुणी सोपी संधी दवडली, सगळं नावानिशी. देशातल्या फार थोड्या शहरांत गल्लीच्या संघाच्या लेफ्ट बॅकला वर्तमानपत्रात एवढी जागा मिळत असेल.

या सगळ्याला कोल्हापुरी बोलीत एक शब्द आहे, ईर्षा. पुस्तकी मराठीत तो मत्सराच्या अंगानं जातो, इथं त्याचा अर्थ जिद्द, चुरस, मागे न हटणं असा होतो. ‘ईर्षेनं खेळला’ ही शाबासकी आहे. खेळाची शैलीही तशीच घडली. चेंडू पायाशी खेळवत ठेवण्यापेक्षा अंगावर जाणं, धावणं, दमसास, आणि शेवटच्या पाच मिनिटांत जीव तोडून केलेली चढाई. टायब्रेकरला सामना गेला की गॅलरीतली म्हातारी माणसं पाठ फिरवून उभी राहतात. पाहवत नाही, म्हणून.

पैसा कुठून येतो? पूर्वी वर्गणीतून आणि पेठेतल्या दोन-चार हौशी व्यापाऱ्यांच्या खिशातून यायचा. आता पुरस्कर्ते आले, उद्योजक आले, राजकारणीही आले. पेठेचा संघ सांभाळणं म्हणजे पेठेची मनं सांभाळणं, हे निवडणूक लढवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. २०१९ साली कोल्हापूर उत्तरमधून आमदार झालेले चंद्रकांत जाधव हे उद्योजक स्वतः फुटबॉल खेळलेले होते, खेळाडूंचे आधार होते. डिसेंबर २०२१ मध्ये ते गेले तेव्हा मैदानावरची माणसं हळहळली. पैशाबरोबर बाहेरचे खेळाडूही आले. गेल्या दीड दशकात नायजेरिया, घाना अशा देशांतले तरुण या तालमींकडून खेळून गेले. पेठेतल्या बायाबापड्यांनी त्यांची नावं आपल्या जिभेला सोयीची करून घेतली. स्थानिक पोरांच्या जागा जातात म्हणून याला विरोधही झाला, आणि तो विरोध बिनबुडाचा नव्हता. ज्या संघाचा आधार ‘आपला पोरगा’ हा आहे, त्यात भाड्यानं आणलेला गोल किती आपला, हा प्रश्न तालमीच्या कट्ट्यावर खरोखर वाद घालून विचारला गेला आहे.

महाराष्ट्रातल्या इतर क्लबांचं काय झालं हे इथं आठवावं लागतं. महिंद्र युनायटेड हा १९६२ सालापासूनचा मुंबईचा दिमाखदार संघ. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली आणि २०१० साली कंपनीनं तो बंद केला. २००७ साली पुणे एफसी आणि मुंबई एफसी निघाले, दहा वर्षांच्या आत-बाहेर दोन्ही मिटले. भारत एफसी एका हंगामापुरता टिकला. इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एफसी पुणे सिटी २०१४ ला आला आणि २०१९ ला गेला. गोव्यात धेंपो आणि साळगावकर यांनी २०१६ साली आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. या सगळ्यांकडे पगारी प्रशिक्षक होते, परदेशी खेळाडू होते, चांगली मैदानं होती. मालकाचा विचार बदलला की संघ उरत नव्हता, निदान राष्ट्रीय लीगमध्ये तरी दिसत नव्हता.

पाटाकडील तालीम बंद कोण करणार? तिला मालकच नाही. एखादा पुरस्कर्ता गेला तर संघ एक-दोन हंगाम कुचंबतो, खालच्या गटात घसरतो, पुन्हा उभा राहतो. इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डन हा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला मालकांना परवानगी मिळाली, तेव्हा चिडलेल्या समर्थकांनी एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा संघ अगदी खालच्या लीगमधून सुरू केला आणि २०११ साली तो इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये नेऊन बसवला. तिथं ही गोष्ट जगावेगळी म्हणून सांगितली जाते. कोल्हापुरात संघ लोकांचा असतो, हे कुणाला नवल वाटत नाही.

मात्र या आपलेपणाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. ईर्षा गॅलरीतून मैदानात उतरली की दगड येतात, बाटल्या येतात, सामना थांबतो, पोलिसांना मधे पडावं लागतं. रस्त्यावरही दोन गट भिडल्याचे प्रसंग घडले आहेत. संघांवर कारवाया झाल्या, हंगाम विस्कटले. पोरांवर गुन्हे दाखल झाले की नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ते आडवे येतात. एका पेनल्टीच्या निर्णयासाठी एवढी किंमत कुणा अठरा-वीस वर्षांच्या मुलानं मोजावी, हे मनाला लागतं. जुने खेळाडू हे सांगून थकले. गॅलरीत बायकामुलं यावीत असं खरंच वाटत असेल, तर तालमींनी आपल्या माणसाला आपणच आवरलं पाहिजे. ते बाहेरच्याच्यानं होणार नाही.

दुसरी खंत वरच्या पायरीची. एवढं वेड असूनही पुरुषांच्या राष्ट्रीय लीगमध्ये कोल्हापूरच्या तालमीचा संघ दिसत नाही. इथून वर गेले ते एकेकटे. निखिल कदम मोहन बागानसारख्या संघापर्यंत पोचला. अनिकेत जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुण्याला गेला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. अमेरिका, कोलंबिया आणि घाना अशा गटात भारत तिन्ही सामने हरला, पण पेठांतल्या टीव्हीसमोर त्या रात्री कुणी जेवायला उठलं नाही. आपल्या गावचा पोरगा विश्वचषकात! पुढं अनिकेत आयएसएलमध्ये गेला. मुलींच्या बाजूनं तर ‘कोल्हापूर सिटी’ या नावाचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये उतरला, २०१९ च्या उन्हाळ्यात लुधियानाला आणि पुढच्या हंगामात बंगळूरला. ज्या शहरातल्या तालमींच्या परंपरेत मुलींना जागा नव्हती, त्या शहराचं नाव राष्ट्रीय लीगच्या तक्त्यावर मुलींनी नेलं. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना पेठांची तशीच हलगी वाजली पाहिजे.

जूनचा पाऊस लागला की स्टेडियमचं फाटक लागतं. गोलपोस्टखालची चिखलाची डबकी पार नवरात्रापर्यंत वाळत नाहीत. तालमीत मग गणपतीच्या बैठका सुरू होतात. मांडव कुठं, मूर्ती केवढी, मिरवणुकीत पुढं कोण, आणि खर्चाच्या वहीत फुटबॉलच्या बुटांची राहिलेली उधारी कुठल्या पानावर लिहायची. विसर्जनाच्या रात्री त्याच मुलांच्या हातात तोच तालमीचा झेंडा असतो, गुलालानं माखलेला. तो धुऊन, इस्त्री करून परत कपाटात ठेवतात. पुढच्या नोंदणीला थोडेच महिने उरलेले असतात, आणि कट्ट्यावर कुणीतरी हळूच विचारतं, ‘औंदा गोलकीपर कोण हाय रं आपला?’