न दिसणाऱ्या माणसाशी इंग्रजीतून

इंग्रजी वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारा, इंग्रजी पत्राचा मसुदा एका बैठकीत बिनचूक उतरविणारा, आणि समोर बसलेल्या परकीय पाहुण्याशी प्रसंग पडल्यास तासभर इंग्रजीत बोलू शकणारा माणूस, तोच पाहुणा दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवर आला की एकाएकी अडखळू लागतो. 'याचे इंग्रजी कच्चे' असा निकाल देऊन आपण मोकळे होतो, आणि खेदाची गोष्ट अशी की तो माणूसही हा निकाल मुकाट्याने मान्य करतो; घंटा वाजली की फोन सहकाऱ्याच्या हाती देतो, काही निमित्त काढून पत्रच धाडतो, आणि हा कमीपणा वर्षानुवर्षे मनात वागवितो. माझ्या मते हा निकाल अन्यायाचा आहे. त्या अडखळण्याचा फार मोठा भाग यंत्राच्या स्वभावातून उत्पन्न झालेला असतो, आणि तो स्वभाव नीट समजून घेतला तर त्यावरचे उपाय कोणाही सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहेत.

१८७६ साली ज्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला दूरध्वनीचे पेटंट मिळाले, तो बधिरांना बोलावयास शिकविणारा शिक्षक होता. बोलण्यात ओठांचा, जिभेचा आणि मुद्रेचा वाटा किती असतो हे ज्याला पक्के ठाऊक होते, त्यानेच मुद्रा झाकून केवळ आवाज पोचविणारे साधन जगाला द्यावे, हा एक विलक्षण योग म्हटला पाहिजे. १८८२ साली कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे दूरध्वनी केंद्रे उघडली, तेव्हापासून हे साधन आपल्याकडे आहे. परंतु ते आपल्या आवाजाचे नेमके काय करते याची माहिती ते रोज वापरणाऱ्यांनाही क्वचितच असते.

निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे २० आवर्तनांपासून २०,००० आवर्तनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. जुन्या धाटणीच्या दूरध्वनीतून मात्र यांतला ३०० ते ३,४०० आवर्तनांचा पट्टा तेवढा पुढे जातो. बाकीचा काटकसरीसाठी छाटून टाकलेला असतो, कारण पट्टा जितका अरुंद तितकी जास्त संभाषणे एका मार्गावरून नेता येतात. स्वरांची ओळख पटविणारा अंश बहुतांशी या पट्ट्यात बसतो, म्हणून आवाज ओळखू येतो आणि वाक्याचा चढउतारही कळतो. परंतु 'स' आणि 'फ' यांसारख्या घर्षणयुक्त व्यंजनांची शक्ती मोठ्या प्रमाणात वरच्या, छाटल्या गेलेल्या भागात असते. त्यामुळे इंग्रजीतील एस आणि एफ ही दोन अक्षरे फोनवर जवळजवळ एकरूप होतात, आणि टी-पी, बी-डी, एम-एन या जोड्यांची गतही फारशी निराळी नसते. मातृभाषेत बोलताना ही उणीव आपल्याला जाणवतही नाही, कारण अर्धवट ऐकलेला शब्द मन पूर्वसंचितातून क्षणार्धात पुरा करते. दुसऱ्या भाषेत ते संचित तोकडे असते. जे कापले गेले ते भरून काढावयास मनाजवळ सामग्री अपुरी पडते, आणि माणसाला वाटते की आपले कानच दगा देत आहेत.

कानाला डोळ्यांची साथ किती असते, हे संशोधकांनी १९५४ सालीच दाखवून दिले होते: विल्यम संबी आणि आयर्विन पोलॅक यांनी गोंगाटात शब्द ऐकविले, तेव्हा बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर ऐकणाऱ्याला कितीतरी अधिक शब्द समजत असल्याचे आढळले, आणि गोंगाट वाढवावा तसा चेहऱ्याचा उपयोगही वाढत गेला. १९७६ मध्ये हॅरी मॅक्गर्क आणि जॉन मॅक्डोनल्ड यांनी तर याहून नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. ध्वनी 'बा' असा आणि ओठांची हालचाल 'गा' म्हणणाऱ्याची, असे चित्र दाखविले असता पाहणाऱ्याला 'दा' ऐकू आले! ज्या इंद्रियाचा ऐकण्यात इतका अधिकार आहे, ते फोनवर सर्वस्वी निरुपयोगी होते. आणि समोरच्याला आपले बोलणे पटते आहे की नाही, तो घाईत आहे की निवांत, हे सांगणारी मुद्राही त्याबरोबर जाते.

राहिली स्तब्धतेची गोष्ट. दहा भिन्न भाषांतील संभाषणे तपासून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, एकाचा प्रश्न संपल्यावर दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाच्या एक-पंचमांश भागाएवढाच अवकाश जातो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव करीत असतो. परभाषेत या जुळवाजुळवीला अधिक वेळ लागणे अगदी स्वाभाविक आहे. समोरासमोर हा विलंब खपतो, कारण विचारात गढलेला चेहरा दिसतो. फोनवर मात्र एक-दोन सेकंद शांतता पसरली की पलीकडचा 'हॅलो? हॅलो?' करू लागतो, आणि जुळत आलेले वाक्य पुन्हा विस्कटते. यावर उपाय एकच, विचारासाठी लागणारा वेळ मोठ्याने मागून घ्यावा. 'लेट मी चेक', 'वन मोमेंट, आय अ‍ॅम रायटिंग इट डाउन' अशी दोन-चार वाक्ये जिभेवर बसलेली असली, की तीच शांतता कामाची शांतता ठरते आणि पलीकडचा माणूस निश्चिंतपणे थांबतो.

आता एक प्रत्यक्षातला व्यवहार घेऊ. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे दरवर्षी जहाजाने नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरतात, आणि ती पाठविणाऱ्या बागायतदाराला तिकडच्या खरेदीदाराशी फोनवर बोलण्याचा प्रसंग येतोच. माल तेराला भरावयाचा की तीसला, हा प्रश्न यात लाखो रुपयांचा आहे. इंग्रजीत 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतील भेद शेवटच्या अनुनासिकावर आणि आघाताच्या जागेवर अवलंबून. पैकी अनुनासिक तारेत विरून जाते, आणि आघाताचा भरवसा धरावा तर पुढे दुसरा शब्द आला की 'थर्टीन'चा आघातही पुष्कळदा पहिल्या अवयवावर सरकतो. म्हणून अशा ठिकाणी उच्चार सुधारीत बसण्यापेक्षा संख्या सांगून झाल्यावर 'वन, थ्री' असे अंक सुटे करून सांगावेत. तारखेत महिन्याचे नाव घ्यावे, कारण अमेरिकी माणूस महिना आधी आणि दिवस नंतर लिहितो. 'डबल फोर' म्हणण्याची आपली सवय इंग्लंडात चालते, पण सर्वत्र चालतेच असे नाही. लाख आणि कोटी तर सीमेपलीकडे नेऊच नयेत. याच बागायतदाराला आणखी एक अडचण येते. द्राक्षाच्या वेलीला आणि द्राक्षाच्या मद्याला इंग्रजीत जे दोन शब्द आहेत, ते आपण दोन्ही 'वाइन' असेच लिहितो आणि उच्चारतो; वास्तविक पहिल्यात खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो आणि दुसऱ्यात दोन्ही ओठांचा चंबू होतो. एवढी एक गोष्ट आरशासमोर आठवडाभर घोटली तरी पुरते.

असाच दुसरा भेद श्वासाचा. मराठीत 'प' आणि 'फ', 'क' आणि 'ख' हे स्वतंत्र वर्ण असल्यामुळे आपण इंग्रजी शब्दांतही स्वच्छ, श्वासरहित 'प' आणि 'क' उच्चारतो. इंग्रजी कानाला मात्र आघातयुक्त आरंभीच्या 'प'मध्ये श्वासाचा झोत अपेक्षित असतो, आणि तो न मिळाल्यास 'पिन'च्या जागी 'बिन', 'कोट'च्या जागी 'गोट' ऐकू येण्याचा संभव असतो. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश विदुषीने २००० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, निरनिराळ्या देशांतील लोकांनी आपसांत इंग्रजी बोलताना कोणत्या गोष्टी सांभाळल्याच पाहिजेत याची एक मर्यादित यादी दिली आहे. तीत हा श्वास आहे, स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व आहे, वाक्यातील मुख्य आघात आहे. ज्या 'थ'कारासाठी आपल्या शाळांतून मुलांचा इतका छळ होतो, तो तीत नाही.

उच्चाराची ढब आणि बोलण्याची सुगमता या दोन पृथक् गोष्टी आहेत, हे मला येथे आग्रहाने सांगावयाचे आहे. कॅनडातील मरे मन्रो आणि ट्रेसी डेरविंग यांनी १९९५ साली दाखविले की, ऐकणाऱ्यांनी जी वाक्ये 'फार परकी ढब असलेली' म्हणून नोंदविली, त्यांतली पुष्कळ वाक्ये त्याच ऐकणाऱ्यांनी शब्दशः अचूक उतरवून घेतली होती. भारतीयांच्या इंग्रजीपुरते पाहिले तर हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमधील आर. के. बन्सल यांचे १९६९ सालचे संशोधन आजही मोलाचे आहे. शब्दातील आघात भलत्या अवयवावर पडणे हे आपले बोलणे परकीयांना न समजण्याचे एक प्रमुख कारण म्हणून त्यांनी दाखविले. 'हॉटेल' हा शब्द आपण पहिल्या अवयवावर जोर देऊन म्हणतो, इंग्रज दुसऱ्यावर देतो. 'डेव्हलप'चीही तीच कथा. रोजच्या कामातले पन्नास-साठ शब्द शब्दकोश उघडून आघातासह पाठ करणे हे कष्टाचे काम नाही, आणि त्याने जो लाभ होतो तो उसनी अमेरिकी ढब आणून कधीही होणार नाही. या शतकाच्या आरंभी मुंबई-पुण्यापासून गुरगाव-बंगळूरपर्यंत जी कॉल सेंटरे उभी राहिली, त्यांतील कित्येक तरुण मुलामुलींना पाश्चात्य नावे धारण करावयास लावून रात्ररात्र परक्या ढबेची घोकंपट्टी करविली गेली. त्यांच्या बुद्धीचा आणि आत्मसन्मानाचा तो अपव्यय होता असेच मी म्हणेन.

हे केवळ भावनेपोटी म्हणत नाही. ज्या क्षेत्रात न दिसणाऱ्या माणसाशी इंग्रजीत बोलण्यावर शेकडो प्राण अवलंबून असतात, त्या क्षेत्राने हेच मानले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने एकमेकांवर आदळून ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमान नेमून दिलेली उंची सोडून खाली आले, हे अपघाताचे मूळ कारण चौकशीत ठरले. आणि त्यामागच्या कारणांत त्या वैमानिकाच्या इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाचीही नोंद झाली. अशा अनुभवांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ साली वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी भाषेच्या सहा श्रेणी ठरविल्या आणि २००८ च्या मार्चपासून निदान चौथी श्रेणी आवश्यक केली. या श्रेणींचे वर्णन प्रत्येकाने वाचावे. सर्वोच्च, म्हणजे सहाव्या श्रेणीच्या माणसाच्या उच्चारातही मातृभाषेची छाया असू शकते हे तेथे स्पष्ट मान्य केले आहे. अट एवढीच की त्या छायेने समजण्यात जवळजवळ कधीही अडथळा येऊ नये.

याच क्षेत्रात आणखी एक दंडक आहे, आणि फोनवर बोलण्याच्या सर्व हिकमतींत मी त्याला अग्रस्थान देतो. नियंत्रकाने उंची किंवा दिशा सांगितली की वैमानिकाने 'ठीक' म्हणून भागत नाही. ऐकलेला हुकूम त्याने जसाच्या तसा परत म्हणून दाखवावयाचा आणि नियंत्रकाने तो कान देऊन तपासावयाचा. ही खातरजमा इंग्रजी कच्चे असलेल्यांपुरती नाही. जन्मभर इंग्रजी बोलणाऱ्यालाही ती चुकत नाही. अक्षरांसाठी आल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी जी शब्दमाला १९५६ पासून चालते, तीही अनेक भाषिकांच्या कानांवर पारखून निवडलेली आहे, आणि आकड्यांतही नऊला 'नाइनर' म्हणण्याची रीत आहे. असे असता आपल्या कचेरीतील कारकुनाने किंवा मुलाखत देणाऱ्या पदवीधराने 'कुड यू रिपीट द डेट, प्लीज?' असे विचारताना शरमेने मान खाली का घालावी? पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. न समजता 'येस, येस' म्हणत राहण्यात मात्र खरा धोका आहे. ऐकतो आहोत एवढेच सुचविणारा आपला हुंकार पलीकडे संमती म्हणून रुजू होतो. 'तुम्हाला कागद मिळाला नाही का?' अशा नकारार्थी इंग्रजी प्रश्नाला नुसते 'येस' किंवा 'नो' हे उत्तर तर कधीच देऊ नये, कारण मराठीत होकार प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला असतो आणि इंग्रजीत वस्तुस्थितीला. 'आय हॅव नॉट रिसीव्ह्ड इट' असे पुरे वाक्यच म्हणावे.

तयारीसंबंधी थोडे. फोन करण्यापूर्वी कागदावर तीन ओळी असाव्यात: मी कोण, काम काय, आणि कोणता तपशील घेतल्याशिवाय फोन ठेवावयाचा नाही. पहिली दोन वाक्ये पाठ असली तरी चालतील, किंबहुना असावीतच, कारण भीतीचा कडेलोट पहिल्या अर्ध्या मिनिटात होत असतो. शक्य असेल तेथे इंटरनेटवरून किंवा नव्या मोबाइल जाळ्यावरून बोलावे. त्यांत बहुधा सुमारे ७,००० आवर्तनांपर्यंतचा पट्टा मिळतो आणि 'स'-'फ'चा घोळ पुष्कळ ओसरतो. बोलणे संपले की ठरलेला मजकूर चार ओळींत लिहून पाठवावा.

सरावाची एक पद्धत भाषाशिक्षक पूर्वीपासून वापरीत आले आहेत आणि तिला पैसाही लागत नाही. दोघांनी खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडाव्यात. एकाच्या हाती रेल्वेचे वेळापत्रक किंवा एखादे बिल द्यावे, दुसऱ्याच्या हाती कोरा कागद. पहिल्याने इंग्रजीतून सांगावे, दुसऱ्याने उतरवून घ्यावे, अडेल तेथे इंग्रजीतूनच विचारावे, आणि शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. सुरुवातीला दोघेही वळून एकमेकांकडे पाहू लागतील, ते कटाक्षाने टाळावे. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी आणि तिची आई यांनी रोज रात्री पंधरा मिनिटे हा उद्योग केला तरी चालेल. आईचे इंग्रजी मोडके असले तर उलट बरेच, कारण मुलीला प्रत्येक आकडा सुटा करून, सावकाश आणि पुन्हा एकदा सांगावा लागेल.