विमानतळावरील अडसर

तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्याला मोपाचा विमानतळ जवळचा. तेथून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. परंतु दीर्घकाळ परदेशी राहून परतणारा प्रवासी देशातील विमानतळांवरील मोफत वायफायपाशी अडतो. परवलीचे अंक भ्रमणध्वनीवर येतात आणि त्याचा भारतीय क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो.

ही अट अकारण नव्हे. जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांपूर्वीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका असुरक्षित वायफायवरून गेला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वापरणाऱ्याची ओळख पटविणे सक्तीचे केले.

तथापि ओळख पारपत्रानेही पटते. पारपत्र पाहून परवलीचे अंक देणारी सोय काही विमानतळांवर आहे. ती सर्वत्र, आगमनकक्षातच हवी. सुखरूप पोहोचल्याचा निरोप घरी धाडण्यासाठी परक्याचा भ्रमणध्वनी मागण्याची पाळी कोणावर का यावी?