आकुर्डी ते मंचर : इटालियन अन्नाचा एक शोध

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासात इटलीचे नाव प्रथम आले ते दुचाकीच्या निमित्ताने. इ. स. १९६० च्या सुमारास बजाज ऑटोने इटलीतील पियाजिओ या कंपनीशी करार करून व्हेस्पा स्कूटर हिंदुस्थानात बनविण्याचा परवाना मिळविला, पुढे आकुर्डीच्या माळावर तिचा विस्तीर्ण कारखाना उभा राहिला, आणि १९७१ साली तो करार संपुष्टात आल्यावर पुढल्याच वर्षी त्याच घडणीची ‘चेतक’ बाजारात आली, तेव्हा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाचे सहल, लग्नसराई आणि बाजारहाट हे सर्व व्यवहार एका इटालियन आराखड्यावर स्वार होऊन होऊ लागले. तस्कानी प्रांतातील पोंतेदेरा या गावाहून आराखडे आले, साचे आले, पोलाद दाबण्याची विद्या आली; तेथील चुलीवर काय शिजते याची चौकशी मात्र आकुर्डीत त्या काळी कोणी केल्याचे दिसत नाही.

त्यानंतरच्या साठ वर्षांत या इलाख्यात इटालियन कारखानदारीचा पसारा बराच वाढला. रांजणगावला फियाटचा मोटारींचा आणि करारोचा ट्रॅक्टरच्या आसांचा कारखाना, बारामतीला पुन्हा आलेली पियाजिओ व तिच्या शेजारी चॉकलेट बनविणारी फेरेरो, आणि खुद्द चाकणला बेर्गामोजवळच्या ब्रेम्बो कंपनीचा दुचाकींच्या ब्रेकचा कारखाना. यांखेरीज २००९ साली चाकणला सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या व त्याच सुमारास तेथे स्थलांतरित झालेल्या मर्सिडीज-बेंझच्या निमित्ताने आलेले जर्मन, तसेच कोरियन व जपानी अधिकारी निराळेच. दोन-तीन वर्षांच्या मुक्कामासाठी वाकडला, बाणेरला किंवा कोरेगाव पार्कला बिऱ्हाड करणाऱ्या या मंडळींत, आणि कंपनीतर्फे तूरिन किंवा बेर्गामो येथे सहा महिने राहून परतलेल्या आपल्या मराठी अभियंत्यांतही, एक प्रश्न हटकून निघतो : या पट्ट्यात चांगले इटालियन अन्न मिळते कोठे? हा प्रश्न चैनीचा समजून सोडून देण्याची रीत आहे. माझे मत तसे नाही. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला रोजच्या ताटात ओळखीची चव मिळणे ही त्याच्या मनःस्वास्थ्याची पहिली गरज असते, हे दुबईत कांदेपोहे शोधणाऱ्या मराठी माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

थायलंडशी तुलना केली म्हणजे आपल्याकडील अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते. तेथील मोटार उद्योग बँकॉकच्या आग्नेयेस चोनबुरी व रायोंग या समुद्रकाठच्या प्रांतांत एकवटला आहे. इटलीच्या दुकाटीनेही २०११ साली आपला मोटरसायकलींचा कारखाना रायोंगलाच काढला. पण त्याच चोनबुरी प्रांतात पट्टाया हे युरोपीय प्रवाशांनी गजबजलेले शहर असल्यामुळे, तेथे आलेल्या अभियंत्याला इटालियन माणसाने स्वतः चालविलेली खाणावळ संध्याकाळच्या फेरफटक्यात सापडते. तेथे उणीव असते ती दुधाची. थाई पाकशास्त्रात दुभत्याला परंपरेने फारसे स्थान नसल्याने चीज, लोणी हे जिन्नस बहुतांशी परदेशातून यावे लागतात. चाकणची स्थिती बरोबर याच्या उलट आहे. येथे समुद्र नाही, प्रवासी नाहीत, इटालियन खाणावळवाला नाही. आणि कच्चा माल मात्र दाराशी, मुबलक, बहुतेक सगळा एकाच रस्त्यावर आहे.

पुणे शहरात इटालियन अन्न आले तेही कारखान्यांच्या मार्गाने नव्हे. १९७४ साली कोरेगाव पार्कमध्ये रजनीशांचा आश्रम स्थापन झाला आणि त्यांच्या शिष्यगणांत इटालियन स्त्रीपुरुषांचा भरणा मोठा होता. त्यांच्या पाठोपाठ त्या परिसरात पाव, चीज आणि पास्ता यांची जाण असलेली स्वयंपाकघरे निघाली. इटालियन माणसाने चालविलेले ‘दारिओज्’ हे शाकाहारी उपाहारगृह त्याच परंपरेतले. म्हणजे इटालियन अन्न या जिल्ह्यात साधकांनी आणले, अभियंत्यांनी नाही. परंतु चाकणच्या तळेगाव चौकातून संध्याकाळी निघून मोशी, भोसरी, नाशिक फाटा अशी मजल-दरमजल करीत कोरेगाव पार्क गाठणे म्हणजे काय, हे तो रस्ता रोज तुडविणारेच जाणतात. सबब पुणे शहराच्या अलीकडे जे मिळते त्याचाच विचार करणे भाग आहे.

पिंपळे सौदागर, रावेत, मोशी या नव्या वस्त्यांतील उपाहारगृहांत पास्ता मिळतो तो तीन रंगांत : पांढरा, लाल आणि दोन्ही मिसळून केलेला गुलाबी. पांढऱ्या रसाचा पाया मैदा लोण्यावर परतून त्यात दूध आटविण्याचा. त्यात मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, वरून सुकी मिरची कुटून आणि ओव्याच्या वासाशी नाते सांगणारा ओरेगानो. लाल रसात टोमॅटोपेक्षा बाटलीतील केचपचा गोडवा अधिक. शाळकरी मुलांना हे अन्न मनापासून आवडते आणि त्याला नावे ठेवण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. शेजवान चटणीप्रमाणे तेही आता आपलेच झाले आहे. तथापि ज्याला इटलीतील पास्त्याची चव हवी आहे त्याला येथे चुकल्यासारखे होते, आणि त्याचे कारण जिनसांपेक्षा रीतीत अधिक आहे. इटालियन घरात पास्ता लिटरला सुमारे दहा ग्रॅम मीठ घातलेल्या भरपूर उकळत्या पाण्यात, दाताला किंचित लागेल इतपतच शिजवितात, त्याच पिठूळ पाण्याचा एखादा पळा रसात घालून शेवटचे मिनिटभर दोन्ही एकत्र परततात, आणि रस इतकाच ठेवतात की तो पास्त्याला चिकटून राहावा, ताटात साचू नये. आपल्याकडे पास्ता सकाळी उकडून, तेल लावून डब्यात ठेवला जातो व मागणी येईल तसा रसात बुडविला जातो. हा दोष गर्दीच्या वेळेचा आहे, बुद्धीचा नाही; पण सगळी चव तेथेच हरवते.

आता कच्च्या मालाकडे वळू. पुणे–नाशिक महामार्गावर चाकण सोडले, राजगुरुनगर मागे टाकले, की तीसेक किलोमीटरवर आंबेगाव तालुक्यातील मंचर लागते. १९९२ साली स्थापन झालेल्या पराग मिल्क फूड्सने मंचरजवळ अवसरी फाट्याला उभारलेल्या प्रकल्पात ‘गो’ या नावाने विकले जाणारे चीज तयार होते, आणि पिझ्झ्यावर पसरण्याचे मोझरेला हा त्यातला एक प्रमुख प्रकार आहे. ज्या तालुक्यात दूध म्हणजे डेअरीच्या गाडीला घालायचे किंवा खवा आटवायचा एवढीच कल्पना होती, तेथे दूध फाडण्याची ही इटालियन रीत रुजावी ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ही रीत जवळून पाहण्यासारखी आहे. पनीर करताना आपण तापलेल्या दुधात लिंबू पिळतो आणि दूध तत्क्षणी फाटते. मोझरेलाचे तसे नाही. कोमट दुधात आधी विशिष्ट जिवाणूंचे विरजण व मग दूध घट्ट करणारे रेनेट घालतात, दूध खरवसासारखे थरथरते व घट्ट झाले की सुऱ्यांनी त्याचे चौकोनी तुकडे पाडतात, निवळी काढून टाकतात, आणि तुकड्यांची आंबटी एका ठराविक बिंदूला येईपर्यंत वाट पाहतात. हा बिंदू पीएच मोजपट्टीवर ५·२ च्या आसपास असतो. तो येण्याआधी दही गरम पाण्यात घातले तर ते तुटते, फार उशीर झाला तर भुसभुशीत होऊन विरघळते. नेमक्या वेळी घातले तर मात्र ते ताणले जाते, त्याला रेशमी तंतू सुटतात, आणि ओढून, दुमडून, पुन्हा ओढून त्याचा गोळा वळता येतो. साधारण दहा लिटर दुधाचे एक किलो चीज होते. उरलेली निवळी पूर्वी वाया जाई. आता मंचरलाच तिच्यातील प्रथिने वेगळी काढून व्यायामपटूंची भुकटी बनते.

यंत्रावर बनणारे हे मोझरेला कमी पाण्याचे, टिकाऊ, किसून थैलीत भरण्याचे असते. भट्टीत ते उत्तम वितळते व ताणले जाते. पण काम्पानिया प्रांतातील म्हशीच्या दुधाचे, पाण्यात ठेवलेले व दोन-चार दिवसांत खाऊन संपवायचे ताजे मोझरेला हा निराळाच पदार्थ आहे. आणि म्हशीच्या दुधाचा तुटवडा ज्यांना कधी भासला नाही असे जे थोडे प्रदेश पृथ्वीवर आहेत त्यांत पश्चिम महाराष्ट्राची गणना करावी लागेल. मंचरचे दूध आणि चाकणचे गिऱ्हाईक यांत तासाभराचे अंतर असताना, सकाळी वळलेला गोळा संध्याकाळच्या ताटात पडण्यास वस्तुतः कोणतीच हरकत नाही. येथे आणखी एक अनुकूलता आहे. इटलीचे पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेटने लावतात, त्यामुळे ते काटेकोर शाकाहारी माणसाला चालत नाही. आपल्याकडील कारखान्यांत सूक्ष्मजीवांपासून मिळविलेले रेनेट सर्रास वापरात असल्याने चिंचवड-निगडीतील जैन-मारवाडी कुटुंबांनाही हे चीज निःशंकपणे खाता येते.

मंचरहून आणखी पुढे गेले की जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. तेथील बाजार समितीच्या आवारात हंगामात टोमॅटोच्या वीस किलोंच्या क्रेटांचे लिलाव पुकारले जातात व दूरदूरच्या राज्यांतील व्यापारी माल उचलतात. २०२३ च्या जुलैत तर एका क्रेटने दोन हजार रुपयांची मर्यादा ओलांडली आणि नारायणगावचे नाव दिल्लीच्या वर्तमानपत्रांत गाजले. परंतु हा टोमॅटो निवडलेला आहे तो प्रवासासाठी : जाड सालीचा, कडक गराचा, ट्रकमध्ये न फुटणारा. व्हेसुव्हियसच्या पायथ्याचा सान मार्झानो लांबट, कमी बियांचा व शिजताच दाट होणारा असतो. नारायणगावच्या फळाला ती दाटी आणावयाची तर ते पूर्ण पिकू द्यावे, साल व बिया काढून मंद आचेवर स्वतःच्याच पाण्यात आटवावे, आणि साखरेचा मोह आवरावा. शेतावर शेवटच्या तोडणीला राहिलेली, व्यापाऱ्याने नाकारलेली लालबुंद फळे या कामी सर्वांत चांगली, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

गव्हाचा प्रश्न याहून खोल आहे. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता केवळ ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असे बंधन घातले. हा ड्युरम म्हणजे आपला बन्सी. पिवळसर, कठीण, काचेसारखा चमकणारा दाणा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बारामती तालुक्यातील होळ येथील प्रक्षेत्रावर या गव्हाचे काम अनेक दशके चालविले असून, तिच्या ‘एमएसीएस ४०२८’ या ड्युरम वाणात प्रथिनांचे प्रमाण १४·७ टक्क्यांच्या घरात आहे. याच संस्थेने खपलीचाही बुटका वाण काढला. सातारा-सांगलीकडे खिरीसाठी व मधुमेही माणसांसाठी आवर्जून पेरली जाणारी ही खपली आणि इटलीच्या डोंगराळ भागात सुपात घालून शिजवितात तो फार्रो, ही एकाच जातीची धान्ये आहेत.

तेव्हा हा गहू हाताशी असताना आपल्या पूर्वजांनी त्याचे काय केले? येथे मला रुखवताची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. पंचखिरीचे साहित्य म्हणून मांडले जाणारे गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या व फणोल्या हे सर्व प्रकार म्हणजे हाताने घडवून सावलीत वाळविलेला पास्ताच होय. फणोली वळताना बाई भिजवलेल्या कणकेची बोराएवढी गोळी नव्या कोऱ्या फणीच्या दातांवर ठेवते, अंगठ्याने दाबून एका झटक्यात पुढे सारते, आणि गोळीची बारीक रेघा उमटलेली पोकळ वळकटी ताटात पडते. इटलीच्या रोमान्या प्रांतातील बायका गार्गानेल्ली हा पास्ता वळतात तोही दातेरी फणीवरच. फरक इतका की त्या पिठात अंडे घालतात व चौकोनी चकती काडीभोवती गुंडाळतात. त्या रेघांचे प्रयोजन तेथे रस धरून ठेवण्याचे, आणि येथे दूध धरून ठेवण्याचे. दोन दूरच्या मुलखांतील बायकांना, एकमेकींची वार्ता नसताना, एकच युक्ती सुचली. आपण मात्र ही विद्या गोड खिरीपुरती आणि लग्नापुरती मर्यादित ठेवली, आणि आता रुखवतही बाजारातून विकत आणू लागलो, याचे मला खरोखर दुःख होते.

भाताविषयी थोडेच सांगतो. उत्तर इटलीच्या रिझोत्तोला आर्बोरिओसारखा आखूड, पिठूळ तांदूळ लागतो. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ आंबेमोहोराच्या वंशातला, सुवासिक आणि चिकट. त्याचा रिझोत्तो मऊ व लुसलुशीत होतो, मात्र दाण्याच्या पोटात राहावयाची ती किंचित कणी त्याच्यात टिकत नाही. पळीपळीने गरम पाणी घालीत, नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटे आधी आचेवरून उतरविला तर तो बराच जवळ जातो. मावळात पिकलेला तांदूळ मावळच्याच पाहुण्याला असा वाढावा, त्याची क्षमा मागण्याचे कारण नाही.

राहता राहिली भट्टी. नेपल्सच्या पिझ्झ्याला ४३० ते ४८० अंश सेल्सिअसची, लाकडाची धग लागते व तो दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. २०१७ साली युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. गॅसच्या पेटीत इतकी धग होत नाही, म्हणून पोळी सुकते, फुगत नाही. पण महामार्गावरच्या प्रत्येक ढाब्यावर तंदूर आहे, आणि तंदुरीला तेवढी धग परकी नाही. मोशी-चाकणच्या एखाद्या तरुण उपाहारगृहवाल्याने विटांची घुमटी भट्टी बांधून घेतली, पीठ आदल्या दिवशी मळून रात्रभर थंडीत आंबू दिले आणि मंचरच्या दुधाचे ताजे चीज वर घातले, तर त्याला परदेशातून आणावे लागेल ते एवढेच : ऑलिव्हचे तेल. तेही राजस्थानात थोडेफार निघू लागले आहे.

तोपर्यंत ज्याला हे अन्न हवे त्याने चैत्र-वैशाखात शेवया-कुरडया करून देणाऱ्या महिला बचत गटांकडे चौकशी करावी. बन्सीच्या रव्याच्या, जराशा मोठ्या फणोल्या आगाऊ सांगून करवून घेता येतात. त्या कडक उन्हात न टाकता सावलीतच वाळवून घ्याव्यात, नाहीतर शिजताना तडकतात. तुळस परसात असतेच. इटालियन जातीची हवी असेल तर तिचे बी रोपवाटिकांत मिळते आणि घाटमाथ्याच्या पावसाळी हवेत ते थोड्या दिवसांत उगवते. फणोल्या मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटे शिजवून, लसणाच्या फोडणीवर आटवलेल्या टोमॅटोत परतून, मोझरेलाचे तुकडे गॅस बंद केल्यावरच घालावेत. आचेवर घातले तर ते भांड्याच्या तळाला धरतात.