आदिलाबादेतली फोर्ड

जुन्या संस्थानी गावांत एक मौज आढळते. माळ्यावरून किंवा अडगळीतून एखादी जुनी वस्तू खाली आली, की ती हटकून महाराजांनी दिलेली निघते. पानदान असो, काठी असो, भिंतीवरचे घड्याळ असो. आमच्या घरीही हा अनुभव नेहमीचा आहे. माझे वडील कोल्हापूर दरबारचे गवयी. १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यांच्या मागे घरात दोन तंबोरे राहिले. शिकवणीला मुलांना सोडायला येणारे पालक ते पाहतात आणि विचारतात, "हे महाराजांकडचे का हो?" वास्तविक दोन्ही तंबोरे वडिलांनी पदरचे पैसे मोजून मिरजेहून आणलेले. हे सांगितले की विचारणाऱ्याचा चेहरा थोडा उतरतो. भोपळा तोच, जवारी तीच, आवाज तोच. पण किंमत मात्र त्याच्या मनात उतरलेली असते.

तंबोऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट हसून सोडून देता येते. जुन्या मोटारीच्या बाबतीत तसे करता येत नाही, कारण तिथे 'राजवाड्यातली' या एका शब्दाने किमतीत लाखांचा फरक पडतो.

गाण्याच्या मास्तराला मोटारींतले काय कळते, असे कोणी विचारील. पण मी कोल्हापूरचा. विद्यार्थिदशेत उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या शेडमध्ये माझ्या अनेक दुपारी गेल्या. जुनी इंजिने उघडणे आणि पुन्हा बसवणे हा त्यांचा धंदा आणि बघत बसणे हा माझा छंद. तो छंद अजून सुटलेला नाही. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात संगीताच्या परीक्षा घ्यायला आदिलाबादला गेलो असताना, ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होताच विचारले, "मास्तर, आमची मोटार एकदा नजरेखालून घालता का?"

आदिलाबाद आज तेलंगणात आहे. पण नांदेडहून किनवटमार्गे तिथे उतरलेल्या माणसाला आपण परमुलुखात आलो असे वाटत नाही. बाजारात कापसाची बोली मराठीत ऐकू येते. १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद राज्यातला. किनवट आणि राजुरा हे तालुकेही तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार रचनेत ते आपल्याकडे आले. आमचे यजमान मूळ किनवटकडचे, वय ऐंशीच्या घरात. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो.

मोटार मागच्या अंगणातल्या शेडमध्ये होती. १९३६ ची फोर्ड व्ही-एट, चार दरवाजांची बंद गाडी. बोनेट निराळे, भिंतीला टेकवलेले. दोन दरवाजे जागेवर, दोन ताडपत्रीखाली. वीस वर्षांपूर्वी काकांच्या धाकट्या भावाने ती दुरुस्त करायला घेतली आणि तो वारला. तेव्हापासून ती तशीच अर्धी उघडलेली. घरात समज असा की ही मोटार निजामाच्या एका शहजाद्याने शिकारीच्या मुक्कामात खूश होऊन काकांच्या आजोबांना बक्षीस दिली. हैदराबादचा एक दलाल येऊन गेला होता. त्याचे म्हणणे सरळ होते. मोडीच्या भावाने घ्यायची तर अमुक रक्कम. पण ही राजघराण्यातून आलेली मोटार आहे असे प्रतिज्ञापत्र काकांनी करून दिले, तर त्याच्या सहापट. काकांना दोन बहिणी, त्यांचा वाटा द्यायचा राहिलेला. घराचे छप्परही गळत होते. कागदावर सही करायची की नाही, एवढ्यासाठीच काकांना मोटार कोणाला तरी दाखवायची होती.

आता मोटार पाहायची म्हणजे काय पाहायचे? पुष्कळ लोक आधी रंग आणि निकेल पाहतात. वास्तविक त्या दोन गोष्टी सर्वांत शेवटी पाहायच्या, कारण त्या पैशाने मिळतात. आधी पाहायचा तो सांगाडा आणि त्यावरचा नंबर.

फोर्ड कंपनीने त्या काळात इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर नंबर घातलाच नाही. तो घातला गिअरपेटीच्या वरच्या अंगावर, आणि तोच नंबर सांगाड्याच्या दांडीवर ठोकला. एकदा बोनेट उघडल्यावर दिसेल अशा जागी आणि पुन्हा बॉडीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी. ठोकलेला आकडा आणि नंतर कोरलेला आकडा यांत फरक असतो. ठशाची धार पोलादात आत दबलेली असते. घासून पुन्हा घातलेल्या आकड्याभोवती पत्रा किंचित खोलगट आणि गुळगुळीत लागतो. डोळ्यांपेक्षा बोट हे लवकर सांगते. काकांच्या गाडीवर तीन थर रंगाखाली नंबर शाबूत निघाला. आकड्यांच्या आरंभी 'सी' हे अक्षर होते, म्हणजे गाडी कॅनडात बनलेली. हे बरोबरच होते. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना उजव्या हाताच्या फोर्ड गाड्या अमेरिकेतून नव्हे तर फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडून येत, आणि त्याच कंपनीने १९२६ साली हिंदुस्थानात आपली शाखा काढली होती.

नंबरानंतर इंजिन. गिअरपेटीवरचा नंबर सांगाड्याशी जुळला तेव्हा काकांचा नातू आनंदला. पण मी त्याला इंजिनाच्या दोन्ही डोक्यांवरचे नट मोजायला सांगितले. एकेका डोक्यावर चोवीस भरले. १९३६ च्या इंजिनाला ते एकवीस असतात. चोवीस नटांचे इंजिन फोर्डने १९३८ च्या गाड्यांपासून दिले. म्हणजे नंबर जुळला तरी इंजिन पहिले नव्हते. यात लबाडी काही नाही. या इंजिनात जळलेला वायू ठोकळ्याच्या पोटातूनच बाहेर जातो, त्यामुळे ते लवकर तापते आणि ठोकळ्याला चिरा जातात. आदिलाबादच्या उन्हात, निर्मळच्या महबूब घाटाच्या चढावर एखादे इंजिन चिरले असेल तर नवल नाही. त्या वेळी जे मिळाले ते बसवले. गाडी फिरती ठेवण्यासाठी केलेली ही दुरुस्ती आहे, आणि ती तशी सांगितली की तिच्यात कमीपणा नाही.

इतर गोष्टी मात्र गाडीच्या बाजूने बोलत होत्या. ब्रेक अजून लोखंडी दांड्यांचे होते. तेलाचे ब्रेक फोर्डने १९३९ साली दिले, आणि जुन्या गाड्यांवर ते मागाहून बसवणे ही फार सर्रास चालणारी गोष्ट. चाके आरीची नव्हती, दाबीव पोलादाची होती. ती १९३६ चीच. छताचा मधला भाग कापडी होता. कापड केव्हाच कुजून त्यावर पत्रा ठोकलेला, पण कापडाची चौकट खाली जिवंत होती. सबंध पोलादी छत पुढच्या वर्षी आले. समोरचे दिवे, घड्याळांची पाटी आणि आतल्या मुठी एका पेटीत नीट ठेवलेल्या होत्या. अर्धवट गाडीची किंमत करताना काय मोडले आहे यापेक्षा काय हरवले आहे याकडे अधिक पाहावे. मोडलेले आपला लोहार जोडतो. हरवलेला दिवा मात्र परदेशातून शोधून आणावा लागतो.

राहिला प्रश्न शहजाद्याचा.

राजवाड्यातल्या मोटारी मागे खुणा ठेवून जातात. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस घ्या. इंग्लंडात बार्करने तिची बॉडी बांधली. ती येऊन पोहोचण्याआधी, ऑगस्ट १९११ मध्ये, निजाम वारले. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मोटार-चाचणीत घाट चढून तिने नाव मिळवले आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडे गेली. अशा गाड्यांच्या नोंदी कंपनीच्या दप्तरात सांगाड्यागणिक सापडतात. फोर्ड ही हजारांनी निघणारी गाडी. तिच्याविषयी बोलायला घरचे कागदच हवेत.

काकांकडे एक कागद होता. उर्दूत होता, म्हणून दोन पिढ्यांत कोणी वाचला नव्हता. देवघरातल्या पेटीत जपून ठेवला होता आणि तीच शहजाद्याची सनद आहे असे सगळे धरून चालले होते. गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना आम्ही बोलावले. त्यांनी चष्मा लावला, एकदा मनात वाचला आणि मग मोठ्याने वाचला. ती सनद नव्हती, पावती होती. जिनिंग कारखान्याच्या एका व्यवस्थापकाकडून काकांच्या आजोबांनी मोटार विकत घेतली, किंमत दोन हजार एकशे रुपये हाली, साल १३५२.

दलालाने हा कागद पाहिला होता आणि 'तारखेचा मेळ नाही' म्हणून बाजूला सारला होता. मेळ होता. हैदराबादच्या कचेऱ्यांत फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४२-४३. हाली हा निजामाचा स्वतःचा रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, तेव्हा किंमत झाली अठराशे कलदार. लढाईचे दिवस, पेट्रोल मोजून मिळे, पुष्कळांनी त्या काळात मोटारी विकल्या. आणि कागदाच्या तळाशी मोटारीचा नंबर होता, सांगाड्यावरचाच, 'सी'सकट. बनावट कागद करणाऱ्याला फसली सन, हाली रुपया आणि रंगाखालचा नंबर या तीन गोष्टी एकदम सुचणे कठीण.

मी काकांना म्हटले, "काका, गाडी बक्षिसाची नाही." त्यांनी कागद हातात घेतला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आजोबांनी पैसे मोजले?" मी म्हटले, "रोख." ते म्हणाले, "मग त्या माणसाला काय लिहून द्यायचं? आमच्या आजोबांनी मोजलेले पैसे खोटे होते असं?" सहीचा विषय तिथेच संपला. बहिणींना काय सांगायचे, हा विषय मात्र संपला नव्हता, आणि तो माझ्या हातातला नव्हता.

ही अडचण आदिलाबादपुरती नाही. अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्यांच्या बाजारातही हेच चालते. कल्पना साधी. मध्यम आकाराची घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचे इंजिन घालायचे. दिसायला गृहस्थ, अंगात पैलवान. पाँटिअॅक कंपनीने १९६४ साली 'जीटीओ' काढली तिच्यापासून ही चाल रूढ झाली. पण पहिली दोन वर्षे जीटीओ ही स्वतंत्र गाडी नव्हती, साध्या गाडीवर जादा पैसे भरून मिळणारा साज होता. त्यामुळे गाडीच्या नंबरावरून ती जीटीओ की साधी हे कळत नाही. १९६६ पासून तिला स्वतःचे आकडे मिळाले. आज साध्या गाडीवर चिन्हे चढवून ती जीटीओ म्हणून विकणारे तिथेही आहेत, आणि सावध गिऱ्हाईक तिथेही कंपनीच्या जुन्या नोंदीचा उतारा मागतो. कोणी साध्या गाडीची हौसेने पैलवान गाडी केली तर तो त्याचा आनंद. ती जन्मापासून पैलवान होती असे सांगून पैसे घेतले की ती फसवणूक.

आपल्याकडे आता या गोष्टीला कायद्याचेही अंग आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी आहे आणि ती दहा वर्षे चालते. रोजच्या रस्त्यावर ती फिरवता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन अशा कामापुरती काढता येते. तेव्हा अधिक शोभा यावी म्हणून नव्या मोटारीचे इंजिन आणि नवे ब्रेक घालणारा मालक हौसेबरोबर हा हक्कही गमावून बसण्याचा संभव आहे.

काकांच्या गाडीची किंमत शेवटी काय, असे वाचक विचारतील. मोडीच्या भावापेक्षा निश्चित जास्त, दलालाच्या सहापटीपेक्षा निश्चित कमी. पण ही किंमत टिकणारी आहे. एकाच घरात ऐंशी वर्षांहून अधिक काळ राहिलेली, नंबर शाबूत असलेली, खरेदीच्या अस्सल कागदासह आणि इंजिन बदलल्याच्या उघड नोंदीसह मिळणारी फोर्ड, हे तिचे खरे वर्णन आहे. उद्या कोणीही तपासली तरी त्यातले एक अक्षर खोडावे लागणार नाही. दलालाच्या प्रतिज्ञापत्राचे तसे नव्हते. पहिल्याच जाणत्या गिऱ्हाइकाने नट मोजले असते, कागद वाचून घेतला असता, आणि मग खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसला नसता.

ज्यांच्या शेडमध्ये अशी एखादी मोटार धूळ खात असेल त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. रंगारी बोलावण्यापूर्वी रंगाखालचा नंबर शोधून त्याचे छायाचित्र घ्या. काढलेला प्रत्येक भाग, कुजलेले कापडसुद्धा, चिठ्ठी बांधून ठेवा. उर्दू, मोडी, इंग्रजी, ज्या लिपीत असतील त्या लिपीतले कागद जाणत्याकडून वाचून घ्या; पावत्या, कराचे टोकन, जुनी छायाचित्रे, काही फेकू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्या तोंडून लिहून घ्या, पण त्यांवर 'घरातली आठवण' असेच लिहा. शहजाद्याची गोष्टही काकांच्या नातवाने आता लिहून ठेवली आहे, पावतीच्या मागच्या पानावर नव्हे, निराळ्या वहीत.