संगणकाचा ताप

शारजात जुलैच्या दुपारी गॅलरीचं दार उघडलं की कशी झळ लागते, हे आपल्या मंडळाच्या वाचकांना मी काय सांगणार! त्या दिवसांत आमच्या घरात आणखी एक गोष्ट तापत होती. हॉलच्या कोपऱ्यातला डेस्कटॉप.

नवऱ्याची नोकरी मार्चमध्ये सुटली होती. दुसरी मिळेपर्यंत तो इंटिरिअरची थ्रीडी चित्रं करून द्यायचा आणि भाड्याचा पुढचा चेक वटणं त्यावरच अवलंबून होतं. रात्री रेंडर लावून झोपायचं, सकाळी चित्र तयार. जूनपासून मात्र चार तासांचं चित्र सहा-सहा तास घ्यायला लागलं. वर पंख्याचा आवाज असा, की लेक झोपेतून उठून विचारायची, "आई, मिक्सर लावलायस का?"

दुकानदाराने मशीन उघडूनही पाहिलं नाही. म्हणाला, जुनं झालंय, नवीन घ्या. आकडा ऐकून आम्ही दोघं गप्पच घरी आलो.

मी मराठीची एम. ए., शाळेत संधी-समास शिकवलेली बाई. पण आकडा पाहिल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, ही सवय जात नाही. तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम टाकला आणि रेंडर लावलं. पाच मिनिटांत ९५ अंश! आमचा प्रोसेसर २०१९ चा रायझन ५ ३६००. त्याची मर्यादाच ९५ अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो. म्हणजे मशीन म्हातारं झालं नव्हतं, त्याला ताप होता.

पहिला उपाय बिनपैशाचा. दार काढून ब्रशने धूळ झाडली. इथली धूळ पिठासारखी बारीक, पंख्याखालच्या पत्र्यांत तिचा नमदाच बसला होता. ९५ चे ९१ झाले. बरं वाटलं, पण पुरेसं नव्हतं. सोबत फुकट आलेला कूलर म्हणजे ॲल्युमिनियमचा बुटका ठोकळा आणि वर छोटा पंखा. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असलं, तरी भर कामात तो ८८ वॅटपर्यंत वीज घेतो आणि तेवढीच उष्णता बाहेर काढावी लागते. शिवाय कोणताही पंखा खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. पुण्याच्या डिसेंबरात चालणारा कूलर इथे एसी बंद केल्यावर हात टेकतो तो यामुळेच.

नवऱ्याला पाण्यावर चालणारा, रंगीत दिव्यांचा कूलर हवा होता. मी ठाम नाही म्हटलं. दुप्पट-तिप्पट किंमत, वर बिघडायला एक पंप जास्त. ८८ वॅटसाठी कशाला?

साध्या उभ्या कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. त्यांच्या आत थोडंसं पाणी, हवा काढून घेतलेली. त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं, वाफ वरच्या पत्र्यांकडे जाते, तिथे गार होऊन परत खाली झिरपते. झाकणावर पाणी ठेवून भाजी शिजवताना झाकणाच्या आतून थेंब ठिबकतात, तसंच. चार नळ्या आणि १२० मिलिमीटरचा पंखा आमच्या प्रोसेसरला भरपूर होता. सहा नळ्या आणि दोन पंख्यांचेही मिळत होते, पण मोठा प्रोसेसर नसेल तर ते पैसे वाया.

खरी अडचण उंचीची. आमच्या केसच्या कागदावर मर्यादा होती १५८ मिलिमीटर. ज्याचं नाव सगळे घेतात तो कूलर मास्टरचा हायपर २१२ इव्हो १५९ चा! एका मिलिमीटरसाठी दार लागलं नसतं. शेवटी आयडी-कूलिंगचा एसई-२१४-एक्सटी घेतला. उंची १५०, चार नळ्या. शंभर दिरहमच्या आत काम झालं. तुम्ही घ्याल तेव्हा आधी हे माप बघा, मग सॉकेट. आमचं एएम४ होतं. २०२२ मध्ये एएम५ आलं, त्यावरही एएम४ चे पुष्कळ कूलर बसतात, त्यामुळे पुढे मशीन बदललं तरी हा खर्च फुकट जाईलच असं नाही.

बसवताना मात्र जीव वर-खाली झाला. स्क्रू काढले तरी जुना कूलर हलेना. मधली पेस्ट आटलेल्या पाकासारखी घट्ट झाली होती. नवरा म्हणाला, "ओढू का जोरात?"

"थांब! हात लावू नकोस."

मी वाचलं होतं की या सॉकेटमध्ये प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो. त्याच्या पोटाखाली १,३३१ पिना. त्यातल्या चार वाकल्या तरी भाडं, चित्रं, सगळंच वाकलं असतं. स्क्रू परत लावले, मशीन चालू करून पंधरा मिनिटं रेंडर लावलं. पाक गरम झाला की सैल होतो, तशी पेस्ट सैल झाली. बंद करून, वायर काढून, डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवला आणि कूलर एकटाच हातात आला. पुढे जुनी पेस्ट पुसली, नवीन वाटाण्याएवढी लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले.

बटण दाबलं तर पडद्यावर 'सीपीयू फॅन एरर'. नवऱ्याचा चेहरा उतरला. पंख्याची पिन मीच शेजारच्या खाचेत खोचली होती. ती योग्य जागी लावली आणि तेच चित्र पुन्हा रेंडरला टाकलं. तासाभराने आकडा बघितला, ७२.

त्या रात्री घर इतकं शांत होतं, की पंखा बंद तर पडला नाही ना, म्हणून मी दोनदा उठून टेबलाखाली वाकून पाहिलं.