गाडीची ताकद वाढवली, आता क्लच कुठला?

आपल्या आटपाडी तालुक्यात डाळिंबाचे पैसे आले की घरात गाडी येते, आणि गाडी आली की पोरं तिच्या मागं लागतात. हल्ली डिझेल गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून ताकद वाढवून आणतात. चार-सहा महिने बरे जातात. मग भिवघाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढं सरकत नाही आणि जळका वास येतो. पोरगं म्हणतं, "आई, रेसिंगचा क्लच घालायला पैसे दे." पैसे तुम्ही देणार, तर चार गोष्टी तुम्हालाही ठाऊक हव्यात.

दोन थाळ्या समोरासमोर दाबून धरल्या आणि एक फिरवली, तर दुसरीही फिरते. हात ढिला केला की नुसती घासते. क्लचचं तेच आहे. इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील आणि मागची प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट चेपलेली असते. तिची पकड दोन गोष्टींवर ठरते, दाब किती आणि अस्तर कसलं. इंजिनाचा जोर पकडीपेक्षा वाढला की प्लेट घसरते, तापते, जळते.

जुन्या स्विफ्ट डिझेलचा जोर 190 न्यूटन मीटर. तो पाव हिश्शानं वाढवला तर साधारण 238 होतो. मग 270-280 पेलणारा क्लच पुरे. दुकानदार 400 चा दाखवेल, पोराचे डोळे चमकतील. पण जास्त पकड बहुधा जास्त दाबातून येते, आणि तो दाब शेवटी आपल्याच डाव्या पायाला सोसावा लागतो. दवाखान्याला, बाजाराला ती गाडी घरातली बाई किंवा सूनही चालवत असेल, तर पेडल तिच्या पायाला झेपलं पाहिजे. माझ्या मते हे सगळ्यात आधी बघायचं.

अस्तराचं बोलू. कंपनीच्या प्लेटला साधं, ऑरगॅनिक अस्तर असतं. ते हळुवार पकडतं, म्हणून आठवडी बाजाराच्या गर्दीत इंच-इंच पुढं घेताना गाडी हिसके देत नाही. दुसरी असते धातू-सिरॅमिकच्या बटणांची प्लेट. ट्रॅक्टरमध्ये तुमच्या घरच्यांनी पाहिली असेल. ती उष्णता भरपूर सोसते, पण झटक्यात पकडते. हाफ क्लचवर ठेवायची सोयच नाही, आणि फ्लायव्हीलही लवकर झिजवते. रानात नांगराला ती शोभते. घरच्या गाडीला जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि चांगल्या प्रतीचं ऑरगॅनिक अस्तर, एवढं बहुतेक वेळा भागतं.

आणि हो, क्लच खरंच घसरतोय का हे आधी तपासा. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी पन्नासच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर दाबायचा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढला नाही, तर घसरतोय. कधी कधी मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर येतं. तेव्हा कितीही महाग क्लच घाला, तोही घसरणारच.

गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मोठी असते. म्हणून मेस्त्रीला सांगा, एकदा उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंगही नवं टाक, सील बघ, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर लेथवर सपाट करून घे. जुनी प्लेट परत मागा. ती पाहिली की जळली का तेलानं भिजली, हे कळतं.

कायद्याचंही सांगते. कंपनीची मूळ नोंद बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. क्लच बदलणं वेगळं, इंजिनाची ताकद वाढवणं वेगळं. हा फरक पोराला पैसे द्यायच्या आधी सांगा.

नवा क्लच बसवल्यावर पहिले 500 ते 800 किलोमीटर गाडी सावकाश चालवायची. घाटात भरलेली गाडी हाफ क्लचवर रोखून धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा. आणि गाडी चालू असताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही.