भाकरी खाणाऱ्यालाही होतो आतड्याचा कर्करोग

बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागच्या आसपास ज्वारी हेच मुख्य अन्न. कडक भाकरी, शेंगाची चटणी, तुरीचं वरण. मोठ्या आतड्याचा कर्करोग हा ब्रेड-बर्गरवाल्या शहरी लोकांचा आजार, भाकरी खाणाऱ्याला त्याची धास्ती नाही, हा समज अशा मुलखात मूळ धरून असतो. तो पूर्ण खोटा नाही, म्हणून तर जास्त घात करतो.

आधी त्यातलं खरं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी याच तालुक्यात, बार्शीला, १९८७ साली सुरू झाली. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या कामात कर्मचारी गावोगाव फिरून कुणाला काय झालं याची चौकशी करतात. या नोंदींत ठळक दिसले ते बायकांमधले गर्भाशयमुखाचे आणि पुरुषांमधले तोंडाचे, घशाचे, अन्ननलिकेचे कर्करोग. मोठ्या आतड्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने फारच कमी.

पण ते कमी का, हे नोंदवही सांगत नाही. श्रेय एकट्या भाकरीला देणं घाईचं होईल. रानातली अंगमेहनत, आटोपशीर वजन, मांस क्वचितच, ही सगळी कारणं त्याच माणसाच्या अंगी एकत्र नांदत असतात. शिवाय दुर्बिणीची तपासणी जिथे हाताशी नसते, तिथे काही रोग निदानाविनाच राहून जातात.

हाच पेच डेनिस बर्किट या आयरिश सर्जनपुढेही होता. युगांडात अनेक वर्षं काम केल्यावर १९७१ साली त्यांनी मांडलं, की आफ्रिकेतल्या खेड्यांत हा रोग दुर्मीळ आहे, कारण तिथल्या जेवणात तंतू भरपूर. कल्पना जगभर गाजली. पुढे १९९९ साली अमेरिकेतल्या ८८ हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत तंतूंचा फायदा दिसला नाही आणि अनेकांनी ती कल्पना मोडीत काढली. मग २००३ साली दहा युरोपीय देशांतल्या पाच लाखांवर लोकांच्या अभ्यासात तो पुन्हा दिसला. पंचवीस अभ्यास एकत्र तपासून २०११ साली निघालेला हिशेब असा: रोजच्या आहारात दहा ग्रॅम तंतू वाढले, की धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी. म्हणजे जिथे दहा जणांना हा रोग व्हायचा तिथे नऊ जणांना होईल. फायदा आहे, पण कवचकुंडलं नव्हेत.

आणि तंतू आतडं केरसुणीसारखं झाडून काढतात, हेही अर्धवटच. त्यांनी मळ वाढतो, लवकर पुढे सरकतो, हे खरं. पण मोठं काम जिवाणूंचं. आपल्याला न पचणारे तंतू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन.

मग इसबगोल घेतलं की झालं? इथे गंमत आहे. आतड्यातल्या गाठी काढलेल्या रुग्णांना युरोपात रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल देऊन पाहिलं गेलं. निकाल २००० साली आला: गाठी पुन्हा होण्याचं प्रमाण इसबगोल घेणाऱ्यांत कमी तर नव्हतंच, उलट जास्त निघालं. एका प्रयोगावरून इसबगोलला गुन्हेगार ठरवू नये. बद्धकोष्ठाला ते उपयोगीच आहे. पण कर्करोग टाळायला म्हणून घ्यायचं ते औषध नव्हे. अख्खं धान्य, डाळी, भाज्या यांतून येणाऱ्या तंतूंचं पारडं जड आहे.

ज्वारीच्या अभिमान्यांना एक आकडा खटकेल. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम तंतू असतात. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात अकरा. खरा फरक पडतो तो मैदा आणि पांढरा तांदूळ ताटात आला की. दोन्हींत तीन ग्रॅमसुद्धा नाहीत. हरभऱ्यात मात्र पंचवीस! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान पंचवीस ग्रॅम सांगते. दोन मोठ्या भाकरींनी त्यातला निम्मा वाटा उचलला जातो. बाकीचा वरण, उसळ, पालेभाजी, पेरू यांतून यायला हवा. भाकरी दोन्ही वेळ आणि मधल्या वेळेला मैद्याची बिस्किटं, असा बेत असेल तर हिशेब बिघडतो. दारू, तंबाखू, वाढलेलं पोट यांचा धोका वेगळाच. तो भाकरीने वजा होत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज ताटाशी संबंधित नाही. शौचावाटे रक्त पडलं की 'मूळव्याध आहे, उष्णता झाली' म्हणून जाहिरातीतल्या बिनटाक्याच्या दवाखान्यात जायचं, नाहीतर लाजेने गप्प बसायचं. बहुतेकदा मूळव्याधच असते, हे खरं. पण पन्नाशीच्या आसपास नव्याने रक्त पडू लागलं, शौचाची सवय आठवडेच्या आठवडे बदलली, कारण नसताना वजन उतरलं किंवा हिमोग्लोबिन खाली गेलं, तर डॉक्टरांनी बोटाने गुदाशय तपासणं ही पहिली पायरी. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी तेवढ्यानेही हाताला लागतात. पुढची पायरी कोलोनोस्कोपी. कर्करोग होण्याआधीची गाठ तिच्यात दिसते आणि तिथल्या तिथे काढताही येते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर त्रास नसतानाही चाळिशीच्या सुमारास डॉक्टरांशी बोलावं. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख पाहिलं जातं. मोठं आतडं त्यात नाही, त्यामुळे ही तपासणी रुग्णाला स्वतःहून मागावी लागते.